तर्कशास्त्र पहिल्यापासून शिकायचंय : कुठून सुरुवात करू?

रानजाई

नमस्कार मंडळी. मी अकाउंट्समध्ये काम करते. परिपत्रकं, नोटिसा आणि त्यांना द्यायची उत्तरं यातच दिवस जातो. एखादी नोटीस वाचताना 'यावरून हे सिद्ध होत नाही' असं आतून जाणवतं, पण नेमकं कुठे घसरलंय ते बोट ठेवून दाखवता येत नाही. म्हणून तर्कशास्त्र शिकायचं मनावर घेतलंय. अकरावीला कॉमर्स, त्यातही गणिताऐवजी एसपी (सेक्रेटेरियल प्रॅक्टिस), त्यामुळे या विषयाशी कधी गाठ पडली नाही.

एक इंग्रजी पाठ्यपुस्तक घेऊन बसलेय. विधान म्हणजे काय, 'आणि', 'किंवा', 'नाही' इथपर्यंत नीट आले. 'जर-तर'पाशी अडले. पुस्तक म्हणतं, 'जर'चा भाग असत्य असेल तर अख्खं विधान सत्य धरायचं. म्हणजे 'जर पुणे समुद्रकाठी असेल तर दोन अधिक दोन पाच' हे सत्य! पाठ करून पुढे जाता येईल, पण पटल्याशिवाय मला पुढे जायचं नाहीये.

तर विचारायचं असं: या जर-तरमागचं कारण कुणी समजावेल का? मराठीतून शिकण्यासारखं काही आहे का? आणि गणित कच्चं असेल तर हा विषय झेपतो का?

फळाखडू

रानजाई, स्वागत. मी ज्युनिअर कॉलेजात कला शाखेला तर्कशास्त्र शिकवायचो, आता निवृत्त आहे. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरं सोपी आहेत. बालभारतीची अकरावी-बारावीची तर्कशास्त्राची पुस्तकं मराठीत आहेत आणि त्यांच्या पीडीएफ बालभारतीच्या संकेतस्थळावर फुकट मिळतात. गणित म्हणाल तर चार ओळींचं सत्यता-कोष्टक (भाग सत्य-असत्य असण्याच्या सगळ्या शक्यता मांडणारा तक्ता) न चुकता भरता आलं की सुरुवातीला पुरे. उलट तुम्ही एसपी घेतलंत म्हणून गाठ चुकली, कारण बारावीच्या गणितात पहिलाच धडा गणितीय तर्कशास्त्राचा असतो.

जर-तरकडे वळण्याआधी एक पायरी मागे येऊ या का? माझा अनुभव असा की जर-तरला अडलेल्या दहापैकी नऊ मुलांचं 'सत्य' आणि 'युक्त' यातलं अंतर पक्कं झालेलं नसायचं. सत्य किंवा असत्य असतं ते विधान. युक्त किंवा अयुक्त असतो तो युक्तिवाद. (काही पुस्तकांत 'युक्त'ऐवजी 'वैध' म्हणतात.) आधारविधानं (ज्यांवरून निष्कर्ष काढतो ती विधानं) सत्य असताना निष्कर्ष असत्य असणं शक्यच नसेल, तर युक्तिवाद युक्त. बस, एवढीच व्याख्या. आधारविधानं प्रत्यक्षात सत्य आहेत की नाहीत हे ती विचारतच नाही.

हे दोन बघा.

पहिला: सर्व मासे झाडावर चढतात. बांगडा मासा आहे. म्हणून बांगडा झाडावर चढतो.

दुसरा: काही पक्ष्यांना उडता येत नाही. शहामृग पक्षी आहे. म्हणून शहामृगाला उडता येत नाही.

कोणता युक्त, कोणता अयुक्त? उत्तर इथेच लिहा, कारणासकट. घाई नको.

रानजाई

सर, मनापासून धन्यवाद. पहिल्यात निष्कर्ष धादांत खोटा आहे, पण पहिली दोन वाक्यं मान्य केली तर तिसरं मान्य करावंच लागतं. म्हणजे युक्त. दुसऱ्यात तिन्ही वाक्यं खरी आहेत. तरीही मला तो अयुक्त वाटतोय. का, ते शब्दांत पकडता येत नाहीये.

फळाखडू

बरोबर वाटतंय तुम्हाला. पकडायचं कसं ते सांगतो, कारण माझ्या मते सुरुवातीच्या तर्कशास्त्रातलं सगळ्यात मोलाचं काम हेच आहे.

युक्तिवादाचा सांगाडा तसाच ठेवा आणि शब्द बदला. 'शहामृग' काढून 'कावळा' घाला. काही पक्ष्यांना उडता येत नाही: सत्य. कावळा पक्षी आहे: सत्य. म्हणून कावळ्याला उडता येत नाही: असत्य. झालं! त्याच सांगाड्यात सत्याकडून असत्याकडे जाता आलं, म्हणजे तो सांगाडाच विश्वासाचा नाही. शहामृगाच्या वेळी निष्कर्ष खरा निघाला तो शहामृगामुळे, युक्तिवादामुळे नाही.

याला प्रतिउदाहरण म्हणतात. नोटीस वाचताना तुम्हाला जे आतून जाणवतं, त्याला बाहेर आणायचं साधन हेच. चिन्हं, कोष्टकं, सिद्धता हे सगळं नंतर येतं, आणि तेही बहुतेक याच शोधाची शिस्तशीर रूपं असतात. कोष्टक म्हणजे तरी काय, तर 'प्रतिउदाहरण कुठे लपलंय का' हे एकही कोपरा न सोडता पाहणं.

चौथीखिडकी

मी सॉफ्टवेअर टेस्टिंगमध्ये आहे. जर-तरवर मी प्रयत्न करतो.

मतदान केंद्राचं उदाहरण घ्या. नियम असा: 'जर एखादी व्यक्ती मत देत असेल, तर तिचं वय १८ पूर्ण असलं पाहिजे.' (१९८९ पर्यंत हे २१ होतं, ६१व्या घटनादुरुस्तीने १८ झालं.) केंद्रावर चार जण आहेत आणि प्रत्येकाबद्दल तुम्हाला एकच गोष्ट माहीत आहे. पहिला मत देतोय. दुसरी मत देत नाहीये, नुसती आजीला घेऊन आलीय. तिसऱ्याचं वय ४०. चौथ्याचं वय १६. नियम मोडला जातोय का हे पाहायला कुणाकुणाची चौकशी कराल?

पहिल्याचं वय विचाराल आणि चौथा मत तर देत नाही ना ते बघाल. आजीबरोबर आलेली मुलगी १५ची असो की २५ची, तिच्यामुळे नियम मोडत नाही. ४० वर्षांचा मत देवो न देवो, त्याच्यामुळेही नाही. नियम मोडायची एकच वाट आहे: 'जर' खरं आणि 'तर' खोटं. बाकी तिन्ही ओळींत नियम शाबूत. कोष्टक 'सत्य' लिहितं ते एवढ्याच अर्थाने.

हाच प्रश्न पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाने १९६६ साली पत्त्यांवर मांडला होता. मराठीत करून बघा. चार पत्ते, प्रत्येकाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला अंक. समोर दिसताहेत अ, क, ४, ७. नियम: 'एका बाजूला स्वर असेल तर दुसऱ्या बाजूला सम अंक असतो.' नियम तपासायला कोणते पत्ते उलटवाल? बहुतेक लोक 'अ आणि ४' म्हणतात. बरोबर उत्तर 'अ आणि ७'. ४ च्या मागे व्यंजन निघालं तरी नियम मोडत नाही, पण ७ च्या मागे स्वर निघाला तर मोडतो. अशा कोऱ्या स्वरूपात दहातल्या एकालाही हे धड जमत नाही, आणि वयाच्या नियमासारखं रूप दिलं की बहुतेकांना जमतं. सांगाडा दोन्हीकडे तोच आहे. म्हणून नवशिक्याने अडलं की ओळखीच्या नियमात घालून बघावं.

रानजाई

मतदान केंद्रावर पटलं. पण 'नियम मोडला नाही' आणि 'विधान सत्य आहे' हे एकच का मानायचं? 'लागू नाही' असं तिसरं काही का नको? ऑडिटच्या चेकलिस्टमध्ये आम्ही 'लागू नाही' लिहितोच की.

चौथीखिडकी

फार चांगला प्रश्न. मला ज्याने पटलं ते कारण देतो.

'जी संख्या ४ ने भागली जाते ती सम असते.' हे सत्य आहे, यात वाद नाही. दुसऱ्या शब्दांत: कोणतीही संख्या घ्या, जर ती ४ ने भागली जात असेल तर ती सम असते. आता 'कोणतीही' म्हटलंय तर खरंच कोणतीही घेऊ. ८ घ्या: जर सत्य, तर सत्य. ६ घ्या: ४ ने भाग जात नाही, पण सम आहे. म्हणजे जर असत्य, तर सत्य. ७ घ्या: दोन्ही असत्य. सगळ्या संख्यांबद्दलचं विधान सत्य मानायचं असेल तर ६ आणि ७ साठीही ते सत्यच असलं पाहिजे. तिथे 'लागू नाही' लिहिलंत तर 'सर्व संख्यांसाठी सत्य' असं म्हणताच येणार नाही. तीन ओळी आपोआप सत्य ठरल्या. चौथी ओळ, जर सत्य आणि तर असत्य, ही ज्या संख्येसाठी येईल ती संख्या नियमच खोटा पाडते. म्हणून ती असत्य.

तिसरं मूल्य मानणारी तर्कशास्त्रंही आहेत, पोलिश तर्कज्ञ लुकासिएविच यांनी १९२० मध्ये त्रिमूल्यी पद्धत मांडली. पण आधी दोन मूल्यांची पक्की करा.

फळाखडू

चौथीखिडकी, सुंदर मांडलंत. ६ आणि ७ चं उदाहरण मी वर्गात वापरायचो.

रानजाई, तुम्हाला जे खटकतंय ते सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी ग्रीसमध्येही खटकलं होतं. मेगाराच्या फिलोने जर-तरची हीच व्याख्या दिली: फक्त सत्याकडून असत्याकडे गेलं तर असत्य, एरवी सत्य. त्याचा गुरू डायोडोरस म्हणाला, एवढं पुरत नाही, 'जर' सत्य असून 'तर' असत्य असणं कधीच शक्य नव्हतं आणि नाही, असं हवं. वाद इतका गाजला की कॅलिमाकस या कवीने लिहून ठेवलं, छपरावरचे कावळेसुद्धा कोणतं जर-तर खरं यावर ओरडताहेत. पुणे आणि समुद्राचं वाक्य कानाला खटकतं, कारण रोजच्या बोलण्यात आपण जर-तरमध्ये काहीतरी संबंध गृहीत धरतो. कोष्टक संबंध बघत नाही, फक्त सत्यासत्यता बघतं. ही त्याची मर्यादा आहे हे खुशाल मान्य करून पुढे जा.

काळाकोट

वकील आहे, जिल्हा न्यायालयात. रानजाई यांचं काम कागदपत्रांचं आहे म्हणून एक व्यवहारातली गोष्ट. आधी चिन्हांच्या मागे लागू नका, आधी निष्कर्ष शोधायला शिका. लांबलचक नोटिशीत निष्कर्ष कोणता आणि आधार कोणता हेच वेगळं न केल्यामुळे निम्मा गोंधळ होतो. आपल्या सरकारी मराठीने यासाठी फार मोठी सोय करून ठेवलीय: 'ज्याअर्थी' ने सुरू होणारा प्रत्येक परिच्छेद आधारविधान, 'त्याअर्थी' ने सुरू होणारा निष्कर्ष. 'सबब' दिसलं की त्यापुढे निष्कर्ष. 'कारण' दिसलं की त्यापुढे आधार आणि निष्कर्ष बहुधा त्याच्या आधी. एक आदेश घ्या, ज्याअर्थींना क्रमांक द्या, आणि मग विचारा: या सगळ्या ज्याअर्थी मान्य करूनही त्याअर्थी नाकारता येतो का? येत असेल तर एक ज्याअर्थी लिहायची राहिलीय. माझ्या कामात बहुतेक वेळा ती न लिहिलेली ज्याअर्थीच वादाचा खरा मुद्दा असते.

फळाखडू

काळाकोट, हे सोनं आहे. अध्याहृत आधारविधान म्हणतात त्याला.

यालाच जोडून 'तर' आणि 'तरच'. चिन्हांत 'जर'कडून 'तर'कडे बाण काढतात, आणि नवशिक्या इथे तो हमखास उलटा लावतो. 'पावती असेल तर पैसे परत मिळतील': पावती पुरेशी आहे. 'पावती असेल तरच पैसे परत मिळतील': पावती आवश्यक आहे, पुरेशी असेलच असं नाही, वस्तूही धड हवी असेल. चिन्हांत पहिल्याचा बाण पावतीकडून पैशांकडे जातो, दुसऱ्याचा पैशांकडून पावतीकडे. मतदानाचंही तेच. १८ पूर्ण असणं आवश्यक आहे, पण मतदार यादीत नाव नसेल तर नुसत्या वयावर मत देता येत नाही.

आणि 'सगळे सभासद आले नाहीत' हे वाक्य. यातून 'एकही आला नाही' आणि 'किमान एक आला नाही' असे दोन्ही अर्थ निघतात. तर्कशास्त्रात उतरवण्याआधी कोणता ते ठरवावंच लागतं, कारण एकाचा निषेध 'किमान एक आला' असा होतो, दुसऱ्याचा 'सगळे आले'.

ओलीलाकडं

संस्कृतची विद्यार्थिनी आहे. एक वेगळं मत मांडते. परदेशी पुस्तकापासून सुरुवात कशाला? आपल्याकडे न्यायदर्शनात अनुमानाचे पाच अवयव आहेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. डोंगरावर अग्नी आहे. कारण धूर आहे. जिथे धूर तिथे अग्नी, जसं स्वयंपाकघर. हा डोंगर तसा धूरवाला आहे. म्हणून डोंगरावर अग्नी आहे. चिन्हं नाहीत, कोष्टक नाही, माणूस दुसऱ्याला कसं पटवून देतो तेच शिस्तीत मांडलंय. मला हे नवशिक्याला जास्त जवळचं वाटतं.

चौथीखिडकी

आदर आहे, पण माझ्या मते सुरुवात म्हणून हे अवघड पडेल. यात आधार सत्य आहे का आणि सांगाडा युक्त आहे का हे दोन प्रश्न एकत्र येतात. झाडावर चढणारा बांगडा न्यायदर्शनात पहिल्याच पायरीवर बाद होईल. नवशिक्याला ते दोन वेगळे करायला शिकायचंय.

फळाखडू

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. नैयायिकांचा प्रश्न 'यावरून ज्ञान मिळालं का' असा आहे, म्हणून त्यांना खरा हेतू आणि खरं उदाहरण लागतंच. आकारिक तर्कशास्त्र 'यावरून हे निघतं का' एवढंच विचारतं. मी म्हणेन की आकारिक आधी शिका, पण एक गोष्ट नैयायिकांकडून आत्ताच घ्या. जिथे धूर तिथे अग्नी, ही व्याप्ती. उलटी चालत नाही: जिथे अग्नी तिथे धूर असं नाही. त्यांचं ठरलेलं प्रतिउदाहरण आहे तापलेला लोखंडाचा गोळा. अग्नी आहे, धूर नाही. धुरासाठी ओलं सरपणही लागतं, त्याला ते उपाधी म्हणतात. ओलीलाकडं, तुमचं नाव तिथूनच घेतलंय ना?

ओलीलाकडं

हो सर, तिथूनच. आणि चौथीखिडकी यांचा मुद्दा पटला. बांगडा आमच्याकडे टिकणार नाही हे खरं.

दीपमाळ

मी वेगळा सल्ला देईन. तर्कदोषांची यादी पाठ करा. व्यक्तीवर हल्ला, गर्दीचा दाखला, खोटा पेच वगैरे. लगेच उपयोग होतो, व्हॉट्सअ‍ॅपवरचे फॉरवर्ड तपासता येतात.

काळाकोट

दीपमाळ, मी याच्या विरुद्ध आहे, आणि ठामपणे. यादी पाठ झाली की माणूस समोरच्याच्या बोलण्याला नावं ठेवायला लागतो आणि ऐकायचं थांबतो. शिवाय नाव तेच असूनही दर वेळी दोष असतोच असं नाही. साक्षीदार खोटं बोलण्याबद्दल आधी दोषी ठरला आहे हे दाखवणं व्यक्तीवरच बोलणं आहे, पण ते गैरलागू नाही, कारण तिथे प्रश्नच त्याच्या शब्दावर किती विसंबायचं हा आहे. आधी सांगाडा बघायला शिकावं, मग नावं कळली तर उत्तम.

फळाखडू

काळाकोट यांच्याशी सहमत. एकच दोष आधीपासून ओळखावा असं मला वाटतं, तो म्हणजे उत्तरांगाच्या विधानाचा ('तर'चा भाग खरा, म्हणून 'जर'चाही खरा धरणं). 'डेंगी असेल तर ताप येतो. ताप आलाय. म्हणून डेंगी आहे.' निगमन म्हणून (म्हणजे आधारांवरून निष्कर्ष निघालाच पाहिजे अशा अर्थाने, वरचा पाचवा अवयव नव्हे) हे अयुक्त आहे, ताप शंभर कारणांनी येतो. मात्र पावसाळ्यात, शेजारी दोघांना डेंगी झालेला असताना, तापामुळे डेंगीची शक्यता वाढते आणि डॉक्टर रक्त तपासायला सांगतात, हे योग्यच आहे. तो विगमनाचा प्रांत. तिथे निष्कर्ष कमी-अधिक संभाव्य असतो, सिद्ध नसतो. दोन्हींची गल्लत केली की एकतर सगळंच सिद्ध वाटतं, नाहीतर काहीच मानवत नाही.

रानजाई, आता तुम्ही एक कोष्टक करून दाखवा. 'जर प तर क. क नाही. म्हणून प नाही.' आणि त्याच्याशेजारी डेंगीचं: 'जर प तर क. क आहे. म्हणून प आहे.' स म्हणजे सत्य, अ म्हणजे असत्य.

रानजाई

करून बघितलं. आधी जर-तरचं कोष्टक:

प | क | जर प तर क
स | स | स
स | अ | अ
अ | स | स
अ | अ | स

पहिला युक्तिवाद. दोन्ही आधार सत्य असतील अशाच ओळी बघायच्या. 'जर प तर क' सत्य आहे पहिल्या, तिसऱ्या आणि चौथ्या ओळीत. 'क नाही' सत्य आहे दुसऱ्या आणि चौथ्या ओळीत. दोन्हीकडे एकच ओळ उरते, चौथी. तिथे प असत्य, म्हणजे 'प नाही' सत्य. आधार सत्य आणि निष्कर्ष असत्य अशी एकही ओळ नाही. युक्त.

दुसरा. 'जर प तर क' आणि 'क आहे' दोन्ही सत्य पहिल्या आणि तिसऱ्या ओळीत. पहिलीत प सत्य, ठीक. तिसरीत प असत्य. तिसरी ओळच प्रतिउदाहरण. अयुक्त. आणि तिसरी ओळ म्हणजे ताप आहे पण डेंगी नाही असा रुग्ण!

ज्या दोन ओळींवर मी अडले होते त्यांतलीच एक इथे कामाला आली. ती ओळ असत्य धरली असती तर दुसरा युक्तिवादही युक्त ठरला असता.

फळाखडू

शेवटचं वाक्य तुमचं तुम्ही शोधलंत, मी ते सांगितलं नव्हतं. खूप आनंद झाला. तिसऱ्या ओळीत 'असत्य' भरलं असतं तर जर-तर आणि तर-जर यात फरकच उरला नसता.

पुढचा टप्पा डी मॉर्गनचे नियम. ऑगस्टस डी मॉर्गन १८०६ साली मदुराईत जन्मले. तुमच्या कामातलंच घ्या: 'अर्जासोबत पावती किंवा चलन जोडलेलं असावं.' अर्ज नाकारायचा कधी? आणि 'पावती आणि चलन जोडलेलं असावं' असेल तर कधी?

रानजाई

'किंवा' असेल तर पावतीही नाही आणि चलनही नाही, तेव्हाच नाकारायचा. 'आणि' असेल तर पावती नाही किंवा चलन नाही, एवढ्यानेही नाकारता येतो. म्हणजे 'नाही' आत शिरला की 'किंवा'चा 'आणि' होतो आणि 'आणि'चा 'किंवा'.

सर, आणखी एक. आमच्या सोसायटीच्या सूचनेत आहे, 'सर्व थकबाकीदारांना नोटीस पाठवली.' या तिमाहीत थकबाकीदार कुणीच नाही. मग हे वाक्य सत्य की असत्य?

फळाखडू

आधुनिक पद्धतीने सत्य. 'कोणीही घ्या, जर तो थकबाकीदार असेल तर त्याला नोटीस गेली आहे' असं ते वाचायचं, आणि 'जर' प्रत्येकासाठी असत्य. पण त्यावरून 'काही थकबाकीदारांना नोटीस गेली' असं म्हणता येणार नाही, कारण 'काही' म्हणजे किमान एक असावाच लागतो. अ‍ॅरिस्टॉटलच्या परंपरेत 'सर्व'वरून 'काही'वर जाता यायचं, तिथे असा रिकामा वर्ग विचारात घेतलेला नाही. आधुनिक पद्धतीने, बूल आणि फ्रेगे या तर्कज्ञांनंतर, ती वाट बंद केली. बालभारतीच्या पुस्तकात परंपरागत तर्कशास्त्राचं प्रकरण आलं की हे ध्यानात ठेवून वाचा, नाहीतर दोन प्रकरणं एकमेकांविरुद्ध बोलताहेत असं वाटेल.

दीपमाळ

वाचतोय. यादीचं माझं म्हणणं जरा बाजूला ठेवतो, आधी कोष्टक करून बघतो. सर, मलाही एक प्रश्न द्या.

फळाखडू

जरूर. दीपमाळ, तुम्हाला हा: 'तलावात फक्त सभासदांनाच प्रवेश आहे. या गृहस्थांना प्रवेश नाकारला. म्हणून ते सभासद नाहीत.' आधी 'फक्त…च' चा बाण कुठून कुठे ते लिहा. मग युक्त की अयुक्त, आणि अयुक्त असेल तर प्रतिउदाहरण. रानजाई, तुम्ही आज उत्तर देऊ नका, त्यांना करू द्या.